नाव नसलेलं बटण

दादा, आज सकाळी पेपर उघडला आणि पहिली बातमी मी मोठ्यानं वाचायला लागले. अर्धी झाल्यावर आतून ह्यांचा आवाज आला, "कुणाला वाचून दाखवतेयस?" मी थांबले. समोरची खुर्ची रिकामी होती. खरं सांगायचं तर तू असतानाही ती सकाळच्या वेळी गेली काही वर्षं रिकामीच असायची, कारण पेपर तू तुझा तुझा वाचायला लागला होतास. माझ्या जिभेला ती जुनी सवय आजच कशी आठवली, कोण जाणे. मग उरलेली बातमीही वाचून टाकली. कॉलेज रोडचं खोदकाम आणखी लांबणार आहे म्हणे. एवढ्या बातमीवर तू दिवसभर बोलला असतास.

तुझे दिवस झाले. माणसं येऊन गेली. जो तो मला म्हणत होता, "आंधळे असून किती केलं हो त्यांनी!" ते 'असून' मला दर वेळी टोचायचं. तू तिथे असतास तर ताडकन म्हणाला असतास, "असून नाही. आंधळा आणि चिडका, असं म्हणा." मी मात्र मान हलवून चहा पुढे करत राहिले.

लहानपणी गोवरानं तुझी दृष्टी गेली तेव्हा मी इतकी लहान होते, की तुला दिसत असतानाचं मला काहीच आठवत नाही. मला समज आली ती तुला सांगत सांगतच. दुकानावरची पाटी काय, दारात कोण आलंय, आईनं आज कुठली साडी नेसलीय. लोकांना वाटायचं, पोरीवर केवढी जबाबदारी. मला ती कधी वाटलीच नाही. तुला सांगायचं म्हणून मी इतरांपेक्षा जास्त बघायचे. पुढे शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझी मुलं म्हणायची, बाई धडा असा सांगतात की समोर दिसतो. ते मी कॉलेजात नाही शिकले दादा, तुझ्याजवळ शिकले.

मग तू ओझरकडच्या त्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर झालास आणि तुला माझी गरज लागेनाशी झाली. कोण साहेब बोलतोय हे तुला त्याच्या खोकण्यावरून कळायचं. कुठली तार कुठे जाते हे बोटांना पाठ होतं. रोज बसनं एकटा जायचास, एकटा यायचास. निवृत्त झालास, वहिनी गेली, आणि तुझी केतकी लग्न होऊन बेंगळुरूला गेली, तेव्हा आमच्याच इमारतीत तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता म्हणून तुला तिथे आणलं. मी दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी तू वर चहाला यायचास आणि मी पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेखापाशी भांडण ठरलेलं. माझी ती सगळ्यात आवडती वेळ होती. तुला वाटायचं, आपण बहिणीची सकाळ खातोय.

केतकीनं तो बोलणारा फोन आणला तेव्हा मी मनात म्हटलं, आता ह्या वयात ह्याला कुठे जमायचं. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते आतली बाई बोलून दाखवणार, हवं ते आलं की दोनदा टिचकी मारायची. आठवडाभर तू त्या काचेवर नुसता घसरत होतास. मग एका सकाळी वर आलास, खुर्चीत बसलास आणि मी चष्मा लावायच्या आत म्हणालास, "पान तीनवरची बातमी वाचलीस? नसेल वाचली. मी सांगतो."

त्या दिवशी तू मला पेपर वाचून दाखवलास. साठीच्या पुढचा माणूस, पण आवाज पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोराचा. मी खूप हसले, तुला शिरा करून घातला. आणि तू खाली गेल्यावर कपबशा विसळताना मला रडू आलं. आनंदानं, असं मी तेव्हा ह्यांना सांगितलं.

पुढचे काही महिने तू राजा होतास. पेपर, पुस्तकं, निरोप, भाजी, रिक्षा, सगळं बोटाच्या टोकावर. रिक्षा बोलवायच्या अ‍ॅपवर तर तुझं प्रेमच जडलं. कुठलं बटण काचेच्या कुठल्या कोपऱ्यात, हे तुला कारखान्यातल्या तारांसारखं पाठ झालं होतं. सोमेश्वरला जाऊन यायचास, जुन्या मित्रांकडे पंचवटीत जायचास. मला कळायचं ते तू परत आल्यावर.

आणि मग अपडेट सुरू झाले.

पहिल्यांदा पेपरचं अ‍ॅप बदललं. तू तणतणत वर आलास आणि फोन माझ्या हातात आदळलास. "बघ काय करून ठेवलंय! काल इथे नाशिकच्या बातम्या होत्या. आज बाई काय म्हणते, ऐक." बाई म्हणत होती, "बटण. बटण. बटण." त्या बटणांची नावंच तिला कुणी सांगितली नव्हती. मी चष्मा लावून बघितलं. छान रंगीत चित्रं होती. तीन रेघा, एक घंटा, एक कसलासा ठिपका. अक्षर म्हणून एकही नाही.

"मला तरी कुठे कळतंय?" मी म्हटलं.

"तुला दिसतंय ना?"

"दिसतंय रे. पण काय दिसतंय ते कळत नाहीये."

यावर तू असा हसलास की खालून वॉचमननं वर बघितलं. मग आपण दोघं डोकं लावून एकेक बटण दाबत बसलो. मी सांगायचे, "हे घंटेसारखं आहे," तू म्हणायचास, "दाब, बघू कोण येतंय." दुपार झाली. नाशिकच्या बातम्या त्या तीन रेघांच्या पोटात सापडल्या.

मग हे नेहमीचंच झालं. कधी भाजीचं अ‍ॅप, कधी निरोपांचं. तू यायचास, शिव्या द्यायचास. "ही माणसं स्वतःच्या घरात चहाचा डबा रोज वेगळ्या फळीवर ठेवतात का गं? आमच्या एक्सचेंजमध्ये कुणी अशा तारा हलवल्या असत्या, तर कारखाना बंद पडला असता!" मी म्हणायचे, "दादा, आपोआप अपडेट होणं बंद करून टाक ना. केतकीनं दाखवलंय कसं करायचं ते." तू हं म्हणायचास आणि करायचा नाहीस. नवं काही आलं, की सगळ्यात आधी तूच घ्यायचास आणि सगळ्यात जास्त तूच चिडायचास. "एवढा राग येतो तर घेतोस कशाला लगेच?" हे मी किती वेळा विचारलं. "सवय," एवढंच तुझं उत्तर. या एका गोष्टीवर आपला वाद कधी मिटला नाही.

आणि ती ओझरची संध्याकाळ. तुझ्या जुन्या सहकाऱ्याच्या नातीचं बारसं होतं. जाताना रिक्षानं गेलास. परत निघालास तर अ‍ॅपचं रूप बदललेलं. हायवेच्या कडेला उभा राहून तू बोट फिरवतोयस आणि बाई म्हणतेय, "बटण. बटण." रस्त्यावरच्या एकदोघांना विचारलंस. पण बॅटरी वाचावी म्हणून तू फोनचा पडदा कायम काळा करून ठेवायचास. "काका, बंद पडलाय तुमचा फोन," म्हणून ते परत देऊन गेले. मी मध्येच फोन केला, "कुठे आहेस?" तू म्हणालास, "येतोय." बस्स.

तू आलास तो द्राक्षांच्या टेम्पोतून. पिंपळगावकडून येणारा तो ड्रायव्हर तुझा हात धरून तुला दारापर्यंत घेऊन आला. वर द्राक्षांचा एक घोस तुझ्या मांडीवर ठेवलेला, तो तू सांभाळून आणला होतास. "ताई, बाबा लय हट्टी हायेत तुमचे," तो मला म्हणाला. "म्हटलं घरी फोन लावून देतो, तर म्हणे नाय, तुमी नाशिकपर्यंत सोडा, बास."

तो गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. "मला फोन केला असतास तर आम्ही गाडी घेऊन आलो नसतो का?"

"आला असतात."

"मग?"

"मग पुढच्या वेळी तू म्हणाली असतीस, जाऊ नकोस."

मी तेच म्हणणार होते. तोंडात आलेलं होतं. तरी मी म्हटलंच, "ते अ‍ॅप राहू दे आता दादा. तुला कुठे जायचं असेल ते मला सांग, मी रिक्षा बोलवत जाईन. मला काही जड नाही त्यात."

"तुला जड नाही, हे मला माहीत आहे नंदे," तू म्हणालास. "म्हणूनच नको."

दोन दिवस तू वर आला नाहीस. मीही खाली उतरले नाही. तिसऱ्या दिवशी दारात उभा. "मदत हवीय. ते रिक्षाचं अ‍ॅप बनवणारी कंपनी शोधायचीय."

तू निरोप पाठवलास, त्यांचं उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा पाठवलास, पुन्हा तेच. "यंत्र बोलतंय," तू म्हणालास, "माणूस गाठला पाहिजे." आणि मग मी तुझं जुनं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं. या नंबरवरून त्या नंबरवर, या खात्यातून त्या खात्यात, कुणाशी हिंदीत, कुणाशी इंग्रजीत, कुणाला बाळा, कुणाला साहेब. चिडका म्हणून ज्याला आम्ही ओळखतो तो माणूस फोनवर लोण्यासारखा मऊ. शेवटी पुण्याच्या एका मुलीचा आवाज आला. सई. ते पडदे आखण्याचं कामच ती करत होती. तू तिला सगळं सांगितलंस. ती म्हणाली, "काका, फोनवर नाही कळणार मला. नाशिकला माझा मामा राहतो. मी येते."

मला वाटलं, येतेय कसली. पण आली. तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत, तुझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तू काय काय सुनावशील या धास्तीनं मी पोह्यांची ताटली हातात घेऊन दारातच उभी होते. तू तिला फोन दिलास आणि म्हणालास, "तूच लाव." तिनं तुझ्यासारखा पडदा काळा केला आणि बोट फिरवलं. बाई आपली बटण, बटण, बटण. सई बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, या प्रत्येकाला आत एक नाव देता येतं. दिसत नाही ते, फक्त ऐकू येतं. आमच्याकडून घाईत राहून गेलं."

"राहून गेलं," तू म्हणालास. मला वाटलं, आता भडका. पण तू विचारलंस, "पण हलवता कशाला मुळात? चांगलं होतं की."

आणि ती पोर घाबरली नाही, दादा, ते मला फार आवडलं. ती म्हणाली, "चांगलं होतं तुम्हाला. पण काकूंसारख्या कितीतरी जणींना ती बारीक अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून मोठी केली. मोठी केली की जागा पुरत नाही, मग काहीतरी हलतं. काही वेळा मात्र नुसतंच नवं दिसावं म्हणून हलवायला सांगतात. ते मलाही पटत नाही."

तू माझ्याकडे मान वळवलीस. "मोठी अक्षरं बरी आहेत का गं?"

"बरी आहेत," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तू थोडा वेळ मांडीवर बोटं वाजवत बसलास. मग म्हणालास, "पोरी, बदलू नकोस असं मी म्हणत नाही. आमच्याकडेही नवं एक्सचेंज आलं तेव्हा मी ते शिकलोच. पण बदलण्याआधी एक आवाज दे. आणि बटणाला नाव दे. नाव नसलेल्या माणसाला मी फोन जोडून दिला नाही कधी."

जाताना सईनं पोह्यांची आणखी एक ताटली खाल्ली. पुढच्या अपडेटला बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "रिक्षा बोलवा." तू ते एकच बटण मला चारपाचदा ऐकवलंस. मग तीच रिक्षा बोलावून मला मिसळ खायला घेऊन गेलास. मला तिखट झेपत नाही हे माहीत असून झणझणीत मागवलीस आणि माझ्या नाकाडोळ्यातलं पाणी ऐकून खूश झालास. पुढेही अ‍ॅप बिघडायचंच. पण आता तू सईला फोन करायचास आणि तुमचं भांडण मामा-भाचीचं झालं होतं. तू गेल्याचं मी तिला फोनवर कळवलं. नंतर तिचा निरोप आला, "काकू, मी अजूनही डोळे मिटून तपासते."

तुला न सांगितलेली एक गोष्ट आहे दादा. तू तणतणत जिना चढायचास ना, त्या काठीच्या आवाजावरूनच मला कळायचं की आज काहीतरी बदललंय. आणि मी गॅसवर चहाचं आधण ठेवायचे. मनातून मला बरं वाटायचं. तू जगाला शिव्या देत माझ्या शेजारी बसणार, मी तुला सांगणार, घंटेसारखं आहे, ठिपक्यासारखं आहे, आणि दुपार होणार. तुला वाटायचं, विचारावं लागतंय म्हणजे आपण हरलो. मला वाटायचं, अजून हा मला विचारतो. हे मी बोलले असते तर तू काय म्हणाला असतास? बहुतेक म्हणाला असतास, "वेडे, मग मला जेवायला बोलवायचं होतंस." आणि तेच बरोबर होतं. शेवटच्या वर्षात मी तेच करायला लागले होते, नाही का? कारण नसताना बोलवायचे. तू कारण नसताना यायचास. त्या वर्षानं मला खूप दिलं. तू गेलास तोही असाच जेवून, भरल्या पोटी, दुपारी आडवा झालास तो पुन्हा उठला नाहीस. माझ्या हातची कढी हे तुझं शेवटचं जेवण, हे आठवलं की रडू येतं आणि मग हळूहळू ते बरंही वाटायला लागतं.

काल कळवणहून रोहिणी आली होती. तू तिचं नाव घ्यायचास, रविवारी सगळ्यांनी एकत्र बोलायच्या तुझ्या त्या फोनवर जी दृष्टी नसलेली मंडळी जमायची त्यातली एक, एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटायचं, गप्पा मारता तुम्ही. पंचवीस-सव्वीसची असेल. कॉलेजात असताना आजारपणात तिचे डोळे गेले. दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती, म्हणाली. आता एम.ए. करतेय. एसटीनं एकटी आली, स्टँडवरून रिक्षा बोलावली, आणि बेल वाजवून उभी राहिली.

मी तिला तुझ्या खोलीत बसवलं. केतकीनं पाणी आणलं. रोहिणी म्हणाली, "मावशी, आता आमचं कसं व्हायचं? नवीन अपडेट आलाय. कोणीच घेत नाय."

"का गं?"

"सर आधी घ्यायचे ना. आमाला सांगून ठेवलेलं, मी सांगेपर्यंत कोणी हात लावायचा नाय. ते आधी घेणार, सगळं हुडकून काढणार, कुठलं बटण कुठं गेलं, अन् रविवारी आमाला सांगणार. म्हणायचे, तुमी अडकून बसला तर कुणाला विचाराल? माझ्याकडं माझी बहीण हाय."

मी केतकीकडे बघितलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. मी उठून खिडकीपाशी गेले. सवय, म्हणायचास! एवढी वर्षं मी तुझ्याशी त्यावरून भांडले आणि तू एकदाही सांगितलं नाहीस. तुझा रागही खरा होता, हे मला माहीत आहे. पण रागावत रागावत तू आधी पाण्यात उतरून खोली बघून यायचास, आणि काठावर मी आहे असं त्यांना सांगायचास.

मग आम्ही तिघींनी बसून तो अपडेट तुझ्या फोनवर घेतला. केतकी बघून सांगत होती, रोहिणी बोट फिरवत होती, मी मध्ये मध्ये बोलत होते. काही बटणं सरकली होती, पण नावं सगळ्यांना होती. रोहिणी म्हणाली, "हे मला जमंल सांगायला. ह्या रविवारी मी सांगते सगळ्यांना." जेवायला थांब म्हटलं तर थांबली. कढी दोनदा घेतली. तू किती शिव्या द्यायचास याची नक्कल करून दाखवली, आणि तुझ्या खोलीत, तू गेल्यानंतर पहिल्यांदा, आम्ही मोठ्यानं हसलो.

ती निघाली तेव्हा मी चप्पल पायात सरकवली. फाटकापर्यंत सोडते, रिक्षात बसवते, नंबर लिहून घेते, हे सगळं माझ्या तोंडात आलेलं होतं. चपलेचा आवाज ऐकून रोहिणी दारात थांबली. मीच चप्पल काढली.

"जपून जा," म्हटलं.

"पोचल्यावर फोन करते, मावशी."

मी खिडकीतून बघत उभी राहिले. ती पायऱ्या उतरली, काठीनं फाटक शोधलं, बाहेर पडून ते मागे नीट लावलं. फोन कानाशी धरून काहीतरी ऐकलं, बोटानं टिचकी मारली आणि उभी राहिली. दुपारचं ऊन होतं. रस्त्यावरून माणसं जात होती. एकदा वाटलं, रिक्षा यायला फार वेळ लागतोय. पाय उचलला गेला होता, दादा. पण मी गेले नाही. रिक्षा आली, ती बसली, आणि रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली.